बटणामागची तार

मिस्त्रींच्या हातात एखादी वस्तू दिली, की ते आधी ती उलटी करत. शेजाऱ्यांनी हौसेनं आणलेला स्पीकर असो की स्वतःच्या लेकीनं पाठवलेली किटली असो, लोक वस्तू पुढून बघतात, मिस्त्री मागून बघत. स्क्रू कुठे आहेत, तार कुठून आत शिरते, हे दिसलं की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. स्क्रूच दिसले नाहीत, तर मात्र मनात शंकेची पाल चुकचुकायची. "उघडता येत नाही म्हणजे आत कुठेतरी पाणी मुरतंय," असं ते त्या वस्तूच्या मालकाला तोंडावर सांगून मोकळे व्हायचे. त्यामुळे इमारतीत कोणाकडे नवीन काही आलं, की ते मिस्त्रींची पाठ वळेपर्यंत खोक्यातच राहायचं.

हे संशयाचं दुखणं त्यांना धंद्यानं लावलं होतं. लिफ्टची दुरुस्ती हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ऐन उमेदीत असताना एका ऑफिसच्या इमारतीतून तक्रार आली, की लिफ्टची दारं फार सावकाश मिटतात. ती सावकाशच मिटायला हवी होती. काठी टेकत येणाऱ्यालाही आत शिरायला वेळ मिळावा म्हणून नियमानंच ती तशी लावलेली होती. पण वरच्या मजल्यावरच्या साहेबांना तेवढाही धीर नव्हता. तेव्हा मिस्त्रींच्या मालकांनी 'दार बंद' असं लिहिलेलं एक गोल, गुळगुळीत बटण बसवायला सांगितलं. दाबलं की टक् वाजणारं आणि आत दिवा लागणारं. मिस्त्रींनी विचारलं, याची तार कुठे न्यायची? मालक म्हणाले, दिव्यापर्यंत ने आणि सोडून दे.

मिस्त्रींनी तार दिव्यापर्यंत नेली आणि सोडून दिली. दारं पहिल्याइतकीच सावकाश मिटत राहिली, पण तक्रारी बंद झाल्या. एका साहेबांनी तर मिस्त्रींची पाठ थोपटली, म्हणाले, आता कशी झटपट चालते बघा. मिस्त्री हसले, पण त्या दिवशी त्यांना घास गोड लागला नाही. लोकांना दार लवकर मिटणं मुळात हवंच नव्हतं. आपलं कोणीतरी ऐकलं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढं एका टक्‌वर भागलं होतं. मग जगातली बाकीची बटणं कोणी बसवली असतील? आपल्यासारख्याच कोणीतरी, आपल्या मालकांसारख्याच कोणाच्या तरी सांगण्यावरून. तिथे त्यांचा बटणावरचा विश्वास उडाला, तो पुन्हा जागेवर आला नाही.

रस्ता ओलांडायच्या खांबावर बटण असतं, ते मिस्त्री एकदा दाबून बघायचे, एकदा न दाबता बघायचे, आणि सिग्नल दोन्ही वेळा सारखाच लागला की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे अर्थपूर्ण नजरेनं बघायचे. फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं, की म्हणायचे, हे काम करत नाहीये, कामाचं सोंग करतंय. फोन रोज उठून 'तुमच्या सोयीसाठी काही बदल केले आहेत' असं कळवायचा आणि काल जिथे घड्याळ होतं तिथे आज भलतंच काहीतरी निघायचं. मिस्त्रींचं म्हणणं, माझी सोय मला विचारल्याशिवाय यांना कळते कशी? टीव्हीच्या रिमोटवरची तीन बटणं सोडून बाकी सगळ्यांवर त्यांनी काळी चिकटपट्टी मारली होती. घरातल्या एकाच वस्तूवर त्यांचा जीव होता, ती किटली. खाली एक खटका. पाणी खदखदलं की वाफेनं तो खटका आपला आपण पडायचा. सगळा कारभार डोळ्यांसमोर. ती त्यांनी पहिल्याच दिवशी उघडून पाहिली होती आणि समाधानानं पुन्हा जोडली होती.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. काकूंचं यंत्रांशी अजिबात वाकडं नव्हतं. कपडे धुवून झाले की त्यांचं वॉशिंग मशीन एक छोटीशी धून वाजवायचं, आणि काकू आतल्या खोलीतून "आले, आले" म्हणत उठायच्या. मिस्त्रींना त्या धुनीचा भारी राग. धून संपली तरी दार काही उघडत नाही, बराच वेळ कुलूप लावून बसतं. मग झालं झालं म्हणून गायचं कशाला? काकू म्हणायच्या, गाऊ दे की. या घरात काम झाल्यावर झालं म्हणून सांगणारं दुसरं आहे कोण? मिस्त्री याला उत्तर द्यायचे नाहीत. ते कशालाच फारसं उत्तर द्यायचे नाहीत, हेच काकूंचं जुनं दुखणं होतं. माणसानं निदान हूं तरी म्हणावं, असं त्या लेकीला फोनवर सांगायच्या, आणि मिस्त्री शेजारी बसून ते ऐकून घ्यायचे.

निवृत्त झाल्यावरही मिस्त्रींचा पाय घरात ठरत नव्हता. सकाळचा चहा झाला की ते जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे. तिथे नवीन लिफ्टच्या चुका काढायला चार समवयस्क भेटायचे. जेवायच्या वेळेला घरी, आणि ऊन उतरलं की पुन्हा तिकडेच. काकूंनी त्याबद्दल कधी ब्र काढला नव्हता.

मग काकूंना चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, कानातला तोल बिघडलाय, घाबरायचं कारण नाही, फक्त पडू नका. काकू एका सकाळी न्हाणीघरात पडल्याच. मिस्त्री तेव्हा वर्कशॉपमध्ये एका गिअरबॉक्सवरून वाद घालत होते. जेवायला परतले तेव्हा काकू ओल्या फरशीवर, भिंतीला टेकून, एक पाय दुमडून बसलेल्या होत्या. हाका मारून मारून घसा बसला होता. मोडलं काही नव्हतं, पण त्यानंतर त्यांनी हाय खाल्ली. न्हाणीघराची कडी लावेनात, गच्चीवरच्या कुंड्यांकडे जाईनात, पलंगापासून खुर्चीपर्यंत जायचं तरी भिंत धरून जायला लागल्या. मिस्त्रींना ते बघवत नव्हतं. पण ते बोलून दाखवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. ती धावत आली आणि चार दिवस राहून जाताना आईच्या गळ्यात एक लॉकेट घालून गेली. पांढरं, चपटं, मध्ये एक बटण. आई पडली किंवा पडेलसं वाटलं की तिनं ते दाबायचं. मग बाबांचा फोन वाजणार, लेकीचा फोन वाजणार, आणि कंपनीच्या मदतकेंद्रातली बाईही विचारपूस करणार. दाबलं की टक् व्हायचं, हिरवा दिवा लागायचा आणि आतून एक गोड आवाज म्हणायचा, "मदत येत आहे."

मिस्त्रींनी लॉकेट उलटं केलं. मागे स्क्रू नव्हता.

आता बाकीच्या बटणांचं सोडा. सिग्नलचं बटण खोटं निघालं तर माणूस फार तर रस्त्यावर उभा राहील. हे खोटं निघालं तर काकू ओल्या फरशीवर पडून राहणार होत्या, आणि तेही मदत येत आहे अशा खात्रीनं, म्हणजे हाकासुद्धा न मारता. मिस्त्रींना तो हिरवा दिवा आणि तो टक् फार ओळखीचा वाटला. त्यात तो गोड आवाज. बटण दाबल्या दाबल्या म्हणते मदत येत आहे. अजून कोणाला सांगितलंसुद्धा नाही आणि येत आहे म्हणे. लोकांना खूश करायला सांगितलं असतं तर मीसुद्धा नेमकं असंच बनवलं असतं, असं ते लेकीला म्हणाले. लेक म्हणाली, बाबा, प्लीज.

मग परीक्षा सुरू झाल्या. रोज सकाळी मिस्त्री जिन्यात जाऊन उभे राहायचे आणि काकूंनी आतून लॉकेट दाबायचं. जिन्यात झालं, मग गच्चीवर, मग कोपऱ्यावरच्या दुकानात, मग वर्कशॉपमध्ये. कानानं जरा कमी ऐकू येतं म्हणून मिस्त्रींनी फोनचा आवाज एवढा मोठा ठेवला होता, की तो वाजला की वर्कशॉपमधली माणसं दचकायची. फोन वाजत होता. कधी लगेच, कधी जरा थांबून. ते जरा थांबणं मिस्त्रींना खटकायचं. तिकडे लेकीचाही फोन वाजायचा, ती मीटिंगमधून उठून बाहेर यायची, आणि मिस्त्री सांगायचे की काही नाही, बघत होतो. शेवटी लेकीचा आवाज चढला. प्रत्येक वेळी माझ्या काळजाचा ठोका चुकतो, आता पुरे करा, असं तिनं बजावलं.

मदतकेंद्रातल्या बाईचीही त्यांनी उलटतपासणी घेतली. आपण माणूस आहात की यंत्र, असं सरळ विचारलं. ती म्हणाली, माणूस आहे, काका. मग तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगा. ती म्हणाली, इथे खिडकी नाही. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि काकूंना म्हणाले, बघ, खिडकी नाही म्हणे. काकू म्हणाल्या, बिचारी. एवढ्यावर त्यांचं आणि त्या बाईचं सूत जुळलं, आणि पुढे परीक्षेचा फोन आला की काकू तिला जेवलीस का म्हणून विचारायला लागल्या.

काकूंचा लॉकेटवर पूर्ण विश्वास बसला होता. त्या हळूहळू पूर्वीसारख्या वावरायला लागल्या. न्हाणीघराला कडी लागली. एका सकाळी त्या एकट्या गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालून आल्या, आणि परतल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला होता की मिस्त्री बघतच राहिले. बरं वाटलं, आणि त्याच क्षणी धाबंही दणाणलं. ज्या बटणाची तार कुठे जाते हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याच्या भरवशावर ही जिना चढून गेली. ते काही त्यांच्याच्यानं सहन होईना.

काकूंनी अंघोळीला जातानाही लॉकेट गळ्यात ठेवायचं असं लेकीनं सांगितलं होतं. पण केस धुवायचे म्हणून एका दुपारी त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं. मिस्त्रींनी न्हाणीघराचं दार नीट मिटलेलं आहे ना हे पाहिलं, हत्यारांची पेटी उघडली, पातळ पातं काढलं आणि लॉकेटची शिवण फोडली.

आत एक चपटी बॅटरी आणि नखाएवढी हिरवी पट्टी. तिच्यावर मुंग्यांएवढे काळे ठिपके. तार नव्हतीच. लिफ्टच्या बटणामागे हात घातला की तार हाताला लागते. तिच्यावर बोट ठेवून माणूस मजले उतरत जातो, आणि कुठे तुटली, कुठे कोणी सोडून दिली, ते बोटाला कळतं. इथे बोट ठेवायला काही नव्हतं. मिस्त्रींनी चष्मा पुसला, भिंग लावलं, पट्टी जरा उचलून बघितली. तिच्या कडेला केसासारखं काहीतरी होतं, ते उचलताना सुटलं की आधीपासूनच सुटं होतं, हे त्यांना सांगता आलं नसतं. पाण्याचा आवाज थांबला तशी त्यांनी घाईघाईनं सगळं आत कोंबलं आणि डिंकासारखा एक चिकट द्राव लावून शिवण दाबून धरली. काकू केस पुसत बाहेर आल्या तेव्हा मिस्त्री पेपर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी ते जिन्यात जाऊन उभे राहिले. दार उघडंच होतं. मदत येत आहे, हे आतून ऐकू आलं. हातातला फोन मात्र गप्प होता. मिस्त्री वाट बघत राहिले. ते आत गेले तेव्हा काकू हिरवा दिवा लागलेलं लॉकेट हातात धरून खिडकीपाशी उभ्या होत्या. भिंत न धरता, अगदी सरळ.

"वाजला?" काकूंनी विचारलं.

"वाजला," मिस्त्री म्हणाले.

हे तोंडून निघून गेलं, आणि मग परत घेता येईना. खरं सांगितलं असतं तर आपण ते फोडलं हे सांगावं लागलं असतं, आणि काकू पुन्हा भिंत धरून चालायला लागल्या असत्या. मिस्त्रींनी गुपचूप मदतकेंद्राला फोन लावला आणि लॉकेट आपोआप बंद पडल्याचं कळवलं. आपोआप या शब्दावर त्यांनी बराच जोर दिला. बाई म्हणाली, दुसरं लगेच पाठवते. तोवर काय करायचं याचं उत्तर मिस्त्रींकडे तयार होतं. तोवर त्यांनी स्वतः घराबाहेर पडायचं नाही.

वर्कशॉपला जाणं बंद झालं. मिस्त्री न्हाणीघराच्या दारासमोर स्टूल टाकून पेपर वाचायला बसायचे. मध्येच एखादी बातमी मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि आतून काकू काय म्हणतात तिकडे कान लावायचे. काकू काही म्हणाल्या नाहीत की पुन्हा विचारायचे, ऐकलंस का? काकू गच्चीवर निघाल्या की मिस्त्रींनाही नेमकी तेव्हाच हवा खायची हुक्की यायची. दुपारी भाजी निवडायला बसायचे. भाजी वाईट निवडायचे, पण बसायचे. दोघं पत्ते खेळायला लागले. काकू सर्रास लबाडी करायच्या, पदराखालून पानं बदलायच्या, आणि रस्त्यावरच्या सिग्नलची लबाडी पकडणाऱ्या या माणसाला ते कधीच दिसायचं नाही. बोलता बोलता जुने विषय निघायचे. काकूंचं हसणं शेजारपर्यंत ऐकू जायला लागलं. शेजारच्या निवृत्त शिक्षिका एकदा दारात येऊन विचारून गेल्या की कोणी पाहुणे आलेत का.

नवीन लॉकेट मात्र येईना. काकूंना त्यांनी कसलासा सुटा भाग मागवलाय, एवढंच सांगितलं होतं. मिस्त्रींनी पुन्हा फोन केला. बाई म्हणाली, काका, ते पोचलंय. मिस्त्रींच्या फोनवरही तसा मजकूर आला: 'आपलं पार्सल यशस्वीपणे पोचवण्यात आलं आहे', आणि पुढे एक हसरा चेहरा. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे त्यांना अपेक्षितच होतं. इथे वाट बघून माणूस थकला, आणि तिकडे कोणीतरी एक बटण दाबून पोचलं म्हणून जाहीर करतंय, वर दात काढतंय. साधी थाप नीट मारता येत नाही यांना. काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, येईल हो, कशाला जिवाला लावून घेता.

जिवाला लावून घ्यायची वेळ त्याच दुपारी आली. पत्ते आवरून काकू उठल्या आणि डोलल्या. मिस्त्रींनी टेबल ढकलून त्यांना दंडाला धरलं, खुर्चीत बसवलं. काकूंनी डोळे मिटून मिस्त्रींचा खांदा घट्ट पकडला होता. जरा वेळानं रंग परत आला. मिस्त्रींना मात्र घाम फुटला होता, कारण त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. काकूंचा हात लॉकेटकडे गेलाच नव्हता.

"लॉकेट का नाही दाबलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही समोर होता की," काकू म्हणाल्या.

मिस्त्री हूं म्हणाले आणि पाणी आणायला गेले. किटलीपाशी उभं राहून त्यांनी मनात म्हटलं की आता खूप झालं. उद्या मी पाणी आणायला गेलो असतानाच चक्कर आली तर? तेव्हा ही ते दाबेल, हिरवा दिवा लागेल, आणि ही गप्प पडून राहील. त्यांनी कंपनीला असा काही फोन केला की मदतकेंद्रातली बाई रडकुंडीला आली. पार्सलवाल्यानं वस्तू मधल्यामध्ये लांबवली, त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे, नाहीतर मी स्वतः तिथे येऊन बसतो, असं त्यांनी ठणकावलं. या खेपेला कंपनी हलली.

दोन-चार दिवसांनी सकाळीच दारावर थाप पडली. बाहेर पार्सलवाला उभा होता. मध्यमवयीन, उन्हानं रापलेला, हेल्मेट काखेत धरलेलं. आवाज न चढवता तो म्हणाला की त्याला कामावरून थांबवलंय. तक्रार मागे घेतली नाही तर कायमचंच. "काका, मी पार्सल दिलंय. इथंच, याच दारात दिलंय. काकूंच्या हातात दिलं."

मिस्त्रींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. थापा मारणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण दारात उभं राहून घरच्या बाईवर ढकलणारा हा पहिलाच. मी रात्रंदिवस घरात आहे, ते त्याला म्हणाले, या दारातून मुंगी आत आली तरी मला कळतं. पार्सलवाला म्हणाला, तुम्ही अंघोळीला गेला होता, असं काकूच म्हणाल्या. मिस्त्री त्याच्या अंगावर जवळजवळ धावूनच गेले.

"दिलंय त्यानं," काकू मागून म्हणाल्या. "माझ्याकडे आहे."

त्या आत गेल्या आणि कपाटातून, घडी घातलेल्या चादरींच्या मागून, एक छोटं खोकं घेऊन आल्या. ते उघडलेलंही नव्हतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पार्सलवाल्याची माफी मागितली, त्याला पाणी दिलं, आणि त्याच्या देखतच मदतकेंद्रातल्या बाईला फोन करायला लावून, चूक आमची होती, याचा काही दोष नाही, असं मिस्त्रींच्या तोंडून वदवून घेतलं. पार्सलवाला पाणी पिऊन हेल्मेट डोक्यात घालत निघून गेला. मिस्त्री फोन हातात धरून तसेच उभे होते. ज्या एका निरोपाला त्यांनी थाप म्हणून धुडकावलं होतं, तोच नेमका खरा निघाला होता. पण त्याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं.

काकू खुर्चीत बसल्या. "जिन्यात तुमचा फोन वाजला की या घरातली भांडी थरथरतात. त्या दिवशी काही वाजलं नाही, आणि तुम्ही आत येऊन म्हणालात, वाजला. आदल्या दिवसापासून बोटांना डिंक चिकटलेला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसरं आलं असतं. आणि तुम्ही वर्कशॉपला गेला असता. म्हणून आलेलंही दडवलं."

मिस्त्रींना राग आला, अगदी मनापासून आला. हिनं जिवाशी खेळ केला. कशासाठी, तर पत्त्यांसाठी. ते खोलीत इकडून तिकडे चालायला लागले, आणि कधी नव्हे ते भडाभडा बोलायला लागले. न्हाणीघरातली ती फरशी आठवते का तुला? मी परत आलो तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते, ते तुला कुठे दिसले? तेव्हापासून मी जिना चढताना रोज तोच विचार करतो, दार उघडल्यावर काय दिसेल. आणि तू गळ्यात मेलेलं लॉकेट घालून हिंडलीस, चालू असलेलं चादरीमागे दडवून. मला काही कळायच्या आत तू गेली असतीस तर मी काय करायचं होतं?

काकूंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"तुम्ही रोज त्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचात," मग त्या म्हणाल्या. "तुमच्याबरोबरचा एक जण वरून खाली कोसळला, तेव्हाही तुम्ही दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलात. सकाळी दार लावलं की संध्याकाळी ते वाजेपर्यंत तुम्ही आहात की नाही, हे मला कळायचं नाही. सगळं आयुष्य तसंच गेलं. मला कोणी दिलं होतं बटण?"

मिस्त्री चालायचे थांबले. त्यांना त्या संध्याकाळी आठवल्या. दार वाजवलं की ते लगेच उघडायचं, जणू कोणी कडीवर हात ठेवूनच उभं होतं. आणि मग ते हातपाय धुवून, जेवून, एक शब्द न बोलता झोपून जायचे. दाराशी कोण उभं असायचं, किती वेळ उभं असायचं, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. चुकलं म्हणावंसं वाटलं, पण तो शब्द त्यांच्या तोंडात बसलेला नव्हता.

त्यांनी खोकं फोडलं, नवीन लॉकेट बाहेर काढलं आणि ते उलटं न करताच काकूंच्या गळ्यात घातलं. जुनं काढून घेतलं. मग समोरची खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले.

"दाब," ते म्हणाले.

"तुम्ही तर इथेच आहात."

"असू दे. दाब."

काकूंनी बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग टेबलावरचा फोन असा खणखणला की कपाटातली भांडी खरोखरच थरथरली. तो थांबतो न थांबतो तोच लेकीचा फोन आला. ती धापा टाकत होती, मागे लोकांचे आवाज येत होते. बाबा, काय झालं, आई कशी आहे, लवकर सांगा, असं ती एका दमात विचारत होती.

मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "तुझी आई मला बोलावत होती."